घरचा इंजिनियर

डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर गुरुनाथचं टीव्ही स्टेशन होतं. स्टेशन कसलं, एक खोली, गच्चीवर अँटेना आणि चार-पाच मैल पोचेल एवढी ताकद. पण लायसन्स रीतसर होतं, आणि दर रविवारी अकराला तासभर मराठी कार्यक्रम लागायचा. गुरुनाथला अर्धांगाचा झटका आला आणि सगळा कारभार बायकोच्या, शोभनाच्या गळ्यात पडला. तो आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. रविवारी मात्र दहापासूनच खुर्ची टीव्हीसमोर न्यायला लावायचा. शोभनाला स्टेशन हवं होतं ते एवढ्याचसाठी.

२००६ मध्ये वॉशिंग्टनहून सरकारी पत्र आलं. त्यांचा चॅनल एका बड्या स्टेशनाच्या डिजिटल सेवेला दिला होता. छोट्यांनी ठरलेल्या बारा दिवसांत नव्या डिजिटल चॅनलसाठी ऑनलाइन अर्ज करायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

शोभनाने पत्र यशोधनपुढे ठेवलं. हा नागपूरचा मुलगा एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवारी यांच्याकडे जेवायचा. आपल्याकडे इंजिनियर म्हटला की त्याला मिक्सरपासून रॉकेटपर्यंत सगळं आलंच पाहिजे.

"काकू, एखाद्या लॉयरला दाखवू या का?" तो म्हणाला.

"घरचा मुलगा असताना परक्याचे पाय कशाला धरायचे?"

"बरं. मी फाइल करतो."

बारा दिवस शोभनाच्या जिभेवर एकच प्रश्न होता आणि तिने तो गिळला. पुन्हापुन्हा विचारलं तर पोराला वाटेल, काकूंचा विश्वास नाही. त्या शनिवारी तिने त्याच्यासाठी भरली वांगी केली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आग लागो त्या भिडेला.

तेराव्या दिवशी तो दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"शेजारच्या चॅनल्सना आपला त्रास होणार नाही, असा स्टडी जोडायचा होता. मला तो येत नाही, काकू. तुम्हाला सांगायची लाज वाटली. कुणाला तरी विचारीन म्हणत राहिलो, आणि अर्जाची विंडो क्लोज झाली."

शोभनाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याहून जोरात स्वतःच्या. मग ती वकिलाकडे गेली. त्याने कागद चाळले, चष्मा काढला आणि फार उशीर झाल्याचं सांगितलं. तिने वॉशिंग्टनला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच छापील उत्तर आलं. गुरुनाथला मात्र तिने यातलं अक्षरही कळू दिलं नाही.

पुढच्या वर्षी चॅनल सोडायची मुदत आली, तेव्हा सप्टेंबरातल्या एका शनिवारी ती तीन जिने चढून गेली आणि ट्रान्समीटरचं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं. यशोधन सोबत होता.

रविवारी अकराला पडद्यावर नुसती खरखर. गुरुनाथने डाव्या हाताने रिमोट दाबला, पुन्हा दाबला. शोभना मागे उभी होती. आत्ता सांगू, आत्ता सांगू म्हणता म्हणता तिने त्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली. यशोधन स्वयंपाकघराच्या दारात होता. गुरुनाथची नजर त्याच्याकडे गेली आणि चेहरा उजळला.

"हा काय, आलाच आपला इंजिनियर," तो जड जिभेने म्हणाला. "बघ रे बाबा, काय झालंय."

यशोधनने शोभनाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तो टीव्हीच्या मागे जाऊन बसला आणि धडधाकट वायर काढून पुन्हा लावू लागला.

"सावकाश कर," गुरुनाथ म्हणाला. "तास आहे अजून."