तोगाशींच्या घराला गिऱ्हाईक

आमच्या गल्लीतलं सगळ्यात मोठं घर तोगाशीसानांचं. खाली चार खोल्या, वर तीन. मधली सरकती दारं काढली की चाळीस माणसं जेवायला बसतील एवढं. आता त्यात दोघंच उरली होती. ऐंशीला टेकलेले तोगाशीसान आणि त्यांची बायको किनुएसान. किनुएसान आधी गॅस बंद करायला विसरू लागल्या, मग घरी यायचा रस्ता, मग गेलेली वर्षंच्या वर्षं. डोंगराच्या पायथ्याच्या वृद्धाश्रमात दोघांना मिळून एक खोली मिळत होती. पण घर विकलं तरच ती परवडणार होती, आणि मार्चअखेरीपलीकडे आश्रमवाले थांबणार नव्हते.

मी शेजारची. घर बघायला कुणी आलं की तोगाशीसान मला चहाला हाक मारायचे. किनुएसानना एकट्याने आवरणं त्यांना जमत नव्हतं. आलेली माणसं आपली मुलगी बघायला आली आहेत, अशी किनुएसानची ठाम समजूत. ठेवणीतला किमोनो नेसून त्या पुढे यायच्या.

"माहो वर आवरतेय. येईलच. जरा लाजाळू आहे हो."

माहो त्यांची एकुलती एक. तिला जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

लोक कसंनुसं हसायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. फेब्रुवारीत मात्र दलाल मिझोहाताने एक तरुण जोडपं आणलं. बायको सात महिन्यांची गरोदर. वरच्या दक्षिणेकडच्या खोलीत ती बराच वेळ उभी राहिली. "बाळाला इथे छान ऊन मिळेल," नवऱ्याला म्हणाली.

खाली आल्यावर किनुएसाननी त्या तरुणाला समोर बसवलं.

"भाऊ किती तुम्ही?"

"दोघं," तोही समजून उत्तर देऊ लागला.

"पिता का?"

"सणासुदीला थोडीशी."

"आमचे हेही असंच म्हणाले होते!"

तोगाशीसानसुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी. तेवढ्यात किनुएसानची नजर त्या मुलीच्या पोटाकडे गेली.

"ही कोण?"

"माझी बायको."

"लग्न झालंय, पोर व्हायचंय, आणि आमची मुलगी बघायला आलात? लाज कशी वाटत नाही? अहो, मीठ आणा! फेका यांच्या पाठीवर, पुन्हा पाऊल नको या घरात!"

मी त्यांना आत नेलं. अंगणात तोगाशीसान कमरेत वाकून माफी मागत होते.

"असू द्या आजोबा," ती मुलगी म्हणाली. "माझी आजीही अशीच होती. माहोसान कुठे असतात?"

"वारली ती. आजारी होती."

"दवाखान्यात?"

"नाही. वरच्या खोलीत. तुम्हाला आवडली ना, त्याच."

मुलीने पोटावर हात ठेवला. दोघं नमस्कार करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मिझोहाता तणतणत आला.

"नको म्हणाले! एकतीस वर्षांपूर्वीचं आजारपण, सांगायची सक्ती होती का? मुलगी दूर असते म्हणायचं!"

"तिने विचारलं."

"विचारलं म्हणून काय झालं?"

"बाळाला ती तिथेच ठेवणार होती, मिझोहातासान."

मार्च सरला. वृद्धाश्रमातली ती खोली दुसऱ्या कुणाला गेली. किनुएसानना शहराच्या पार पलीकडे, नुसत्या बायकांच्या आश्रमात एक खाट मिळाली. टॅक्सी आली तेव्हा त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"माहो एकटी कशी राहील?"

"मी आहे ना घरात," तोगाशीसान म्हणाले. एकेक बोट करत त्यांनी किनुएसानचा हात सोडवला.

'घर विकणे आहे' ही पाटी अजून दारावर आहे. घर पाडून नुसती जागा विका, असं मिझोहाता सांगून गेला, त्यानंतर तोही आलेला नाही. तोगाशीसान खालच्या एका खोलीत राहतात, बाकीच्या खोल्यांच्या झडपा बंद. आधी रोज दोन बस बदलून किनुएसानकडे जायचे. परवा भर दुपारी अंगणात बसलेले दिसले.

"आज गेला नाहीत?"

"मी गेलो की ती घाबरते," ते म्हणाले. "परका माणूस का येतो म्हणून रडते. नर्सबाई म्हणाल्या, नका येऊ."

मी भाजी दिली. त्यांनी ती तशीच पायरीवर ठेवली.