मालाची बाजू, माणसांची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नऊ फूट लांब, दीड फूट रुंद आणि वयानं तुमच्या आईबाबांपेक्षा थोरली. फळी म्हटल्यावर तुम्हाला स्वयंपाकघरातली डबे ठेवायची फळी आठवली असेल. तिचं बरं असतं, बिचारीला कुणी तुडवत नाही. माझ्यावर मात्र सगळं गाव पाय देऊन गेलं. आमच्या धक्क्यावरून मोठ्या शहराला जाणारी लाँच सुटे, आणि त्या लाँचमध्ये शिरायचं तर आधी माझ्या पाठीवर चढावं लागे. तांडेलकाका, म्हणजे लाँच चालवणारे, स्वतःला फार मोठे समजत. पण तेसुद्धा रोज सकाळी माझ्यावरूनच आपल्या जागेवर जात. मी कधी ते बोलून दाखवलं नाही, एवढंच.

मला घडवलं धक्क्यावरच्या सुतारानं. त्यानं वखारीतल्या कितीतरी फळ्यांवर बोटानं टकटक करून पाहिलं, कान लावला, तोंड वाकडं केलं. माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "हिचा आवाज बरा आहे." ही माझी पहिली शाबासकी. मग दोन दिवस त्यानं मला रंधा मारला. माझ्या एका अंगाला त्यानं तेरा आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे चालणाऱ्याचा पाय घसरू नये. दुसरं अंग मात्र असं गुळगुळीत केलं की माशीनं बसायचं म्हटलं तरी विचार करावा. शेवटी तेल चोळून त्यानं मला लाँचवरच्या खलाशाच्या स्वाधीन केलं.

"हे बघ," सुतार म्हणाला, "पट्ट्यांची बाजू माणसांची, गुळगुळीत बाजू मालाची. आधी माल घसरवायचा, मग फळी उलटायची, मग माणसं. विसरू नकोस."

"विसरायला मी काय लहान आहे?" खलाशी म्हणाला.

वयानं तो लहान नव्हता. उंचीनं मात्र धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंटाएवढाच होता. म्हणून सगळे त्याला लंबूदादा म्हणत, आणि तोही मजेत ओ देई.

माझं काम सोपं दिसे, पण सोपं नव्हतं. भरती असली की लाँच धक्क्याच्या बरोबरीला येई आणि मी आरामात आडवी पडून राही. ओहोटी लागली की लाँच खाली खाली जाई, आणि मी अशी उभट होई की चढणाऱ्याच्या नाकी नऊ येत. आधी माझ्या गुळगुळीत पाठीवरून भाजीच्या करंड्या आणि पिठाची पोती सर्रकन खाली जात. मग तांडेलकाका ओरडत, "उलटव!" लंबूदादा मला एका हिसक्यात उलटवी, आणि माणसांची रांग सुरू होई.

तसं शहराला जायला आमच्याकडे तीन वाटा होत्या. बस होती. ती सबंध खाडीला वळसा घालून, दर दोन मैलांवर थांबत, साडेतीन तासांनी पोचे. रेल्वे होती. पण स्टेशन गावापासून लांब, शिवाय जंक्शनला गाडी बदलावी लागे. त्या दोन गाड्यांचं आपसात काही भांडण असावं, कारण एक पोचली की दुसरी नुकतीच सुटलेली असे. आणि तिसरी आमची लाँच. चाळीस मिनिटांत थेट शहर! मला याचा फार अभिमान होता. कुणी नोकरीच्या मुलाखतीला निघालेलं असलं की मला पावलांवरूनच कळे. जाताना नवे बूट एकेक पट्टी जपून उतरत, आणि संध्याकाळी तेच बूट दोन-दोन पट्ट्या ओलांडत वर येत. मग मीही अंगभर खूश होई.

सगळं गाव माझ्यावरून जाई, एक शिंपीणकाकू सोडून. आणि त्यात दोष माझा होता, हे मला आज तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

फार वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा लाँचला आल्या होत्या. दुसरं पाऊल टाकतात न टाकतात तोच एक लाट आली, लाँच हलली, मी हलले, आणि काकूंची नवी कोरी चप्पल पाण्यात पडली. त्या तशाच मागे फिरल्या. "आज चप्पल नेली, उद्या मला नेईल," असं म्हणून त्यांनी लाँचचं नाव टाकलं ते टाकलंच. पुढे त्यांची एकुलती एक लेक शहरात नोकरीला गेली. काकू महिन्यातून एकदा तिला भेटायला जात, त्या बसनं. जायचे साडेतीन तास, यायचे साडेतीन तास. मधे लेकीपाशी बसायला मिळे जेमतेम दीड तास, कारण परतीची बस चुकवून चालत नसे. त्यांचं शिवणाचं दुकान धक्क्यासमोरच होतं. मशीन चालवता चालवता त्या लाँच सुटताना बघत, आणि मला फार अपराधी वाटे.

मग लेकीचं लग्न ठरलं. शहरातल्या नोंदणी कार्यालयात, दुपारी बारा वाजता. साधं लग्न, मोजकी माणसं. लेकीनं एकच हट्ट धरला होता, की अंगावर पोशाख आईच्या हातचा हवा. काकूंनी तो तीन महिने शिवला. आदल्या दिवशीच निघायचं ठरलं होतं. पण काकूंचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. बाहीची एक शिवण मनासारखी बसेना, म्हणून त्यांनी ती उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. तेवढ्यात शेवटची बस गेली. "उद्या सातची गाठते, साडेदहाला हजर," त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं.

सकाळी सातला बस स्थानकावर कळलं, की पुलावर वाळूचा ट्रक आडवा झालाय आणि दुपारपर्यंत रस्ता बंद आहे. काकू धावतपळत रिक्षा करून रेल्वे स्टेशनवर गेल्या. तिथे पहिली गाडी गेलेली, दुसरी बाराची. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. नवाला दहा मिनिटं कमी असताना त्या छातीशी कापडात बांधलेला पोशाख धरून धक्क्यावर आल्या, आणि तिकिटाच्या खिडकीपुढे मटकन खाली बसल्या.

"मास्तर," त्या तिकीटमास्तरांना म्हणाल्या, "माझी पोर तिकडे घरच्या कपड्यांत बसलीय. तिला मी काय सांगू?"

"काही सांगू नका. तुम्ही लाँचनं चला, पोरीला फोन मी करतो," मास्तर म्हणाले.

शिंपीणकाकू लाँचनं जाणार! धक्क्यावर एकच धांदल उडाली. तिथल्या प्रत्येकाच्या अंगावर काकूंच्या हातचं काहीतरी होतंच. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला, आणि सल्ले तर मागेल त्याला पाच. "खाली बघू नका." "समोर बघा." "डोळे मिटा." "मिटू नका हो, पडतील!" माल नुकताच खाली गेला होता. ओहोटी अगदी तळाला पोचली होती, म्हणजे मी उभटात उभट. तांडेलकाका मला उलटवायला सांगायचं सोडून टोपी नीट करत होते. आणि लंबूदादा? त्याला काकूंची इतकी काळजी, की त्यानं धावत जाऊन एक स्वच्छ झटकलेलं पोतं आणलं आणि त्यांच्या पायाला ओल लागू नये म्हणून माझ्यावर नीट अंथरलं.

मित्रांनो, मालाची बाजू वर होती. त्यावर पोतं. आता दिसणार कुणाला! मी आतल्या आत ओरडत होते, "लंबूदादा, उलटव! अरे, उलटव मला!" पण लाकडाचं कोण ऐकतं?

काकूंनी डोळे मिटले. पोशाखाचं गाठोडं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. पहिलं पाऊल पोत्यावर पडलं, आणि काकू खाली बसल्या. बसल्या त्या थांबल्याच नाहीत. पोत्यासकट सर्रकन निघाल्या, त्या थेट लाँचमधल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगात! ढीग वर उडाला आणि काकूंच्या अंगावर बसला. ढिगाबाहेर दिसत होते फक्त दोन हात, आणि त्या हातांत गाठोडं, जसंच्या तसं.

लंबूदादाचा चेहरा असा पडला की तो आणखी चार बोटं बुटका दिसायला लागला. पुन्हा मीच! पुन्हा याच बाईशी!

ढिगातून आवाज आला, "आधी पोशाख धरा कुणीतरी!"

तांडेलकाकांनी गाठोडं घेतलं. मग काकूंचं डोकं वर आलं. केसांत काड्या, चष्मा कपाळावर. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "आले का मी आत?"

"आलात, काकू," तांडेलकाका म्हणाले. "इतक्या लवकर आजवर कुणी आलं नव्हतं."

आधी काकूच हसल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग काय, धक्का हसला, लाँच हसली. लंबूदादा कान धरून उभा होता, त्यालाही हसू आवरेना.

लाँच सुटली. लंबूदादानं मला ओढून काकूंच्या पायांशीच ठेवलं होतं. सुरुवातीला त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. थोड्या वेळानं एक हात सुटला, मग दुसरा. लांब किनाऱ्यावर बसचा रस्ता दिसत होता, खाडीला वळसे घालत गेलेला, बारीक दोऱ्यासारखा. काकू त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. पलीकडे शहराच्या इमारती तोवर मोठ्या व्हायला लागल्या होत्या.

"एवढंसंच पाणी आहे हे?" त्या हळूच म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली पोरीला तिकडे जाऊन. अकरा वर्षं मी तिला दीड तास भेटत आले."

मला तर रडूच आलं असतं, पण लाकडाला ती सोय नाही.

शहराचा धक्का आला. इथे तर चढण होती, आणि तीही सरळसोट. लंबूदादानं मला लावलं, पट्ट्या वर आहेत ना हे तीनदा हात फिरवून पाहिलं, आणि वर पाहिलं. मास्तरांचा फोन पोचला होता. वरच्या टोकाला काकूंची लेक उभी होती. घरच्या कपड्यांत, केस नीट विंचरलेले, पायात लग्नाचे चकचकीत बूट.

"आई, थांब! मी खाली येते," ती ओरडली.

"तू तिथेच थांब," काकू म्हणाल्या. "बूट खराब होतील. मी येते."

त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि पहिल्या पट्टीवर पाय ठेवला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. प्रत्येक पट्टी त्या आधी अंगठ्यानं चाचपून घेत होत्या. सातव्या पट्टीवर होत्या, आणि शेजारून एक मोठी बोट गेली. लाट आली. लाँच हलली. मी दातओठ खाऊन स्वतःला सावरत होते, पण नुसत्या माझ्या जोरानं काय होणार? तेवढ्यात खाली लंबूदादा माझ्या टोकावर गुडघे टेकून बसला. सगळं वजन घातलं त्यानं. मी जागची हलले नाही.

काकू थांबल्या. श्वास घेतला. आठवी पट्टी. नववी. शेवटच्या पट्टीवर लेकीनं त्यांना मिठी मारली, आणि "सांभाळ गं, इस्त्री मोडेल!" असं काकू म्हणाल्या खऱ्या, पण मिठी त्यांनीही सोडली नाही. घड्याळात दहाला वीस मिनिटं कमी होती. लग्नाला अजून दोन तासांहून जास्त वेळ होता.

पुढे काकू दर आठवड्याला लाँचनं जाऊ लागल्या. धक्क्यावर आल्या की विचारायच्या, "काय लंबूदादा, आज मालातून जाऊ की माणसांतून?" सकाळी जायच्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचनं परत यायच्या, कधी लेक-जावयासोबत, पुढे नातीला कडेवर घेऊन. ती नात माझ्या पट्ट्या मोजतच अंक शिकली.

आता धक्क्यावर कठड्याचा लोखंडी जिना आलाय. चांगला आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. मी तेव्हापासून वखारीमागे उन्हात पडून आहे. अंगाला दोन भेगा गेल्या, तेल लावायला कुणी फिरकलं नाही. तेवढं वाईट वाटलं. तुमच्या घरी, गावात, माझ्यासारखं कुणी कामातून गेलेलं पडलं असेल, तर त्याच्यावरून एकदा हात फिरवा. त्याला बरं वाटतं, आणि लाकूडही टिकतं.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, काठावर थबकलेलं माणूस तुम्हाला भेटेलच. शहराला निघालेलं असेल, नाहीतर आणखी कुठे. त्याला पाच सल्ले देऊ नका, त्याचा हात धरून ओढू नका. खाली बसा आणि फळीचं टोक दाबून धरा. चालायचं तेवढं ते आपलं आपण चालतं.