पाचही काळ्यात

"पंप आहे अर्बाब, पंप! इससे ज्यादा क्या मारेगा?"

जाफरने हात झटकले आणि बंदूक वाळूच्या पिशव्यांवर आडवी ठेवली. आखातातल्या सीब गावामागे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या नेमबाजीच्या मैदानावर गेले काही महिने त्याचं हेच पालुपद चाललं होतं. शिकारीच्या पंप बंदुकीची नळीखालची लाकडी मूठ मागे ओढायची आणि पुढे ढकलायची, की पुढची गोळी भरली. ती मूठ जराशी खडखडते, म्हणून नेम चार बोटं इकडेतिकडे जातो, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवी आणि गिऱ्हाईक मान डोलवी. थोडंफार खरंही होतं ते. पण चार बोटं म्हणजे चार बोटं, हातभर नव्हे! आणि अर्बाबच्या, म्हणजे मैदानाच्या मालकाच्या, दोस्ताची बंदूक हातभर बाजूला मारत होती. तीही जाफरने नेम बसवून दिल्यानंतर.

खरी गोष्ट अशी, की जाफरचे डोळे गेले होते. अगदी ठार आंधळा नव्हता तो. माणूस दिसे, चेहरा दिसत नसे. पाटी दिसे, अक्षरं दिसत नसत. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण साखरेने आतला पडदाच खाल्ला होता. गेलेलं परत येणार नाही, असं रुवीतल्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं. हे घरात फक्त शकीलाला, त्याच्या बायकोला माहीत होतं. "महेकची बारावी होऊ द्या," ती म्हणाली होती, "तवर तोंड शिवून ठेवा." इथे काम गेलं की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की मुलीची शाळा अर्धवट टाकून सगळ्यांनी रत्नागिरीची वाट धरायची. मग बंदुकांचा नेम बसवणाऱ्या माणसाने आपल्याला दिसत नाही हे कोणत्या तोंडाने सांगावं?

अर्बाब खुर्चीत रेलून कहवा पीत होता. शेजारी तो दोस्त. अर्बाबने शांतपणे विचारलं, "ये बंदूक खराब, या तुम खराब?"

 जाफरची जीभ सराईत होती.

"ना बंदूक, ना मैं. दूरबीन के स्क्रू झुबेरने लगाए. ढीले छोड दिए."

झुबेर तिथेच उभा होता. दापोलीकडचा, जाफरनेच शब्द टाकून हाताखाली आणलेला. तो रोज जाफरला आपल्या गाडीतून कामावर आणी, घरी सोडी. ईदनंतर त्याचा निकाह ठरला होता. तो पांढराफटक पडला.

"जाफरभाई, अल्लाला भिऊन बोला. त्या स्क्रूला मी हात नाय लावला."

"गप रे! मोठ्यांच्या मध्ये तोंड घालतोस?"

लाज वाटली का जाफरला? वाटली, वाटणार कशी नाही. पण महेकचा चेहरा आठवला आणि त्याने ती गिळून टाकली.

अर्बाबला मात्र या भांडणात मजा वाटली. त्याने मैदानाची दुसरी पंप बंदूक मागवली. तिचा नेम त्याने सकाळीच स्वतः मारून पाहिला होता, अगदी बरोबर होती. "यल्ला जाफर. पाँच गोली. सही मारा, तो झुबेर का व्हिसा कॅन्सल. नहीं मारा, तो तुम्हारा. खलास!"

जाफर तीन नंबरच्या टेबलावर बसला. झुबेरला त्यानेच मोठ्या दुर्बिणीपाशी उभं केलं, गोळी कुठे लागते ते सांगायला. समोर दूरवर टेबलांच्या नंबरांचे कागद टांगलेले, प्रत्येकाच्या मध्ये काळा ठिपका. जाफरला दिसत होता नुसता उजेड आणि त्यात कुठेतरी एक काळपट डाग. त्याने 'बिस्मिल्ला' म्हटलं, डाग धरला आणि घोडा दाबला.

"लागली काय रे काळ्यात?"

झुबेर दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. त्याने दुर्बीण जराशी वळवली.

"काळ्यात हाय, जाफरभाई."

मूठ मागे, मूठ पुढे. बंदूक हलली आणि डाग हरवला. पंपाची हीच खोड! जाफरच्या कपाळावर घाम फुटला. त्याने नळी जराशी सरकवली, तर डाग होता तिथेच. पुन्हा मारली.

"आता?"

"काळ्यातच. पयलीच्या बाजूला."

पाचवी मारून होईपर्यंत जाफरचा जीव भांड्यात पडला होता. हात अजून मेले नव्हते तर! इतकी वर्षं उगाच नव्हती घालवली या टेबलावर. तो उठला, आणि त्याच्या अंगात वारं शिरलं.

"सगळ्या एका जागी ना?"

"एकाच जागी."

"सुना, अर्बाब? अब इसका टिकट निकालो." मग झुबेरकडे वळून मराठीत, "जा दापोलीला. होड्या ओढ. बंदूक म्हणजे गंमत वाटली होय रे तुला?"

 झुबेर चालत मैदानाच्या टोकाला गेला आणि दोन कागद घेऊन परत आला. त्याने पहिला अर्बाबसमोर ठेवला. कोराच्या कोरा. मग दुसरा ठेवला. त्याच्या काळ्यात पाच भोकं होती, एकमेकांना अगदी चिकटून.

अर्बाबने दोन्ही कागद हातात घेऊन पाहिले. मग अर्बाबचा दोस्त फिसकन हसला, आणि अर्बाब तर मांडी थोपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. जाफरही हसला. सगळे हसताहेत म्हणजे वाहवाच चालली असणार, असं त्याला वाटलं. हसतच त्याने विचारलं, "क्या हुआ?"

"चार नंबर हाय, जाफरभाई," झुबेर म्हणाला. "तुमी तीनवर बसलात."

जाफरने कागद नाकाशी नेला. आकडा काही दिसेना.

"पहिल्याच गोळीला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंत, काळ्यात लागली काय. लागली व्हती."

अर्बाबने जाफरला काढलं नाही. काढलं असतं तर एकदाच काय ते झालं असतं. त्याने तो कागद चौकटीत बसवून कॉफीच्या मशीनवर टांगला. नेम बसवायचं काम झुबेरकडे गेलं. जाफर आता गिऱ्हाइकांना कहवा देतो, कानावर लावायची झाकणं देतो. नवं कोणी आलं की आतून अर्बाबची हाक येते, "जाफर, किस्सा सुनाओ!"

जाफर सांगतो. महेकचे पेपर अजून व्हायचे आहेत. कुठे थांबलं की हसू जास्त येतं हेही त्याला आता कळलं आहे. लोक पोट धरून हसतात आणि आपापल्या टेबलाकडे वळतात. तेव्हा तो घाईघाईने म्हणतो, "पर देखो साहब, पाँचों एक अंगूठे के नीचे!" आणि चौकटीवर अंगठा टेकवतो.

हल्ली तो अंगठा भोकांच्या बराच बाजूला पडतो, कोऱ्या कागदावर. झुबेर समोरच उभा असतो. तो काही सांगत नाही.