एकविसाव्या रोजाची चार पाने

मित्रांनो, मिटून फडताळावर ठेवली तर मी नुसती चपटी फळी दिसते. पण मी एक जुनी रेहाल आहे. फुलीसारखे पाय फाकून उभी राहिले की कुराण माझ्या कुशीत विसावते. सुताराने मला एकाच फळीतून, एकही खिळा न मारता कोरले. "डगमगलीस तर माझी अब्रू जाईल हं!" असे तो मला बजावी. मी कधी डगमगले नाही.

मला नेले ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईने. तिचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, गिऱ्हाइकांचे बाकडे आणि खिडकीखाली मी. रमजान लागण्याआधी ती कापड बेतायच्या कागदावर महिन्याचे संकल्प लिही आणि तो कागद बाकड्यासमोर भिंतीला टाचे. रोज कुराणाचा एक पारा, म्हणजे तिसावा भाग, वाचायचा. गिऱ्हाइकांवर जीभ चालवायची नाही. आपाकडे जाऊन माफी मागायची.

आपा ही तिची थोरली बहीण. आईच्या आजारपणात बाई तिला चारचौघांत म्हणाली होती, "तू काय बाई, पाहुणी! येतेस, रडतेस, जातेस." तेव्हापासून आपाने या घरात पाऊल टाकले नव्हते.

पहिले दोन संकल्प दरवर्षी पुरे होत. तिसरा पुढच्या वर्षीच्या कागदावर जाई.

"अम्मी, ही ओळ कार्बन लावून उतरवतेस का गं?" लेक चिडवी.

"जाईन गं. आधी पारे होऊ देत, मन जरा स्वच्छ होऊ दे. शेवटच्या दहा दिवसांत नक्की."

अशी सहा वर्षे गेली. पारे वेळेवर संपत, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटे!

सातव्या वर्षी ईदच्या कपड्यांनी बाईला मान वर करू दिली नाही. वाचन दोन पारे मागे पडले. एकविसाव्या रोजाच्या दुपारी ती भराभर वाचत होती. त्या दिवसाच्या पाऱ्याची चार पाने उरली होती, तेवढ्यात दारातून आवाज आला, "अस्सलामु अलैकुम."

आपा होती.

बाईने दाराकडे पाहिले. पण तिने फक्त तळहात दाखवला. थांब.

"वाच, वाच. मी कुठं परकी आहे?" आपा बाकड्यावर बसली. मग तिने डोळे बारीक केले. "भिंतीवर काय लिहिलंयस गं? चष्मा घरीच राहिला माझा."

बाईने पान उलटले.

आपा खोकली. पदराने तोंड पुसले. "बरं, येते मी. रोजा सोडायला घरी पोचायला हवं."

शेवटची ओळ संपताच बाई अनवाणी रस्त्यावर धावली. गल्ली रिकामी होती. "उद्या जाते," ती लेकीला म्हणाली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइके दाराशी उभी होती. तिसऱ्या दिवशी आपाच्या मुलाचा फोन आला. आपा पहाटे गेली होती.

बाईने तिथे जाऊन आपाच्या कानाशी माफी मागितली, असे लेक सांगत होती. त्या दिवशी आपा काय बोलायला आली होती, ते कुणालाच ठाऊक नाही. विचारायचे तरी कुणाला?

एकोणतिसाव्या रोजाला कुराण पूर्ण झाले. बाईने भिंतीवरच्या कागदाच्या पहिल्या ओळीवर खूण केली आणि पेन्सिल हातात धरून बसून राहिली. यंदा तिने कागद लिहिलेला नाही. वाचते, पण ज्या पानावर आपाच्या सलामाचे उत्तर द्यायचे राहून गेले, तिथेच अडते. मग मला मिटून ठेवते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. तुम्ही वाचत असताना दारात कुणी आले, तर पानात बोट ठेवा आणि उठा. पुस्तक धरून मी कितीही वेळ उभी राहते, मला तेवढेच तर येते. बाईला हे सांगावेसे फार वाटते. पण मी लाकूड. आणि तिने ऐकले तरी आता ती उठून जाणार कुणाकडे?