नर्सबाईच्या फोनातल्या बाया

त्या रविवारी अक्षता घनसावंगीला पोचली तेव्हा कांताबाई ओट्यावर फोन कानाला लावून बसल्या होत्या. बोलत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. लेकीला बघून त्यांनी एक बोट वर केलं. अक्षता पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

"रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आई."

"मी झाले. बायांची दुखणी कुठं रिटायर झाली?" कांताबाईंनी फोन ठेवला, चष्मा वर सरकवला आणि लेकीची खालची पापणी ओढून बघितली. "पांढरी पडलीस. काय झालंय?"

"काही नाही. लायब्ररीत काम वाढलंय."

"खरं सांगायलीस ना?"

"बिलकुल."

कांताबाईंनी आणखी विचारलं नाही. वांग्याची भाजी केली, भाकरी बांधून दिली आणि चार वाजता जीपपर्यंत सोडायला आल्या. मंगळवारी सकाळी दूध तापवता तापवता त्या स्वयंपाकघरातच कोसळल्या. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, धाकटा भाऊ नागसेन पुण्याला परत गेला. अक्षता रजा वाढवून राहिली. कांताबाईंनी तीस वर्षं या भागातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली होती, त्यामुळे बसायला येणाऱ्या बाया संपत नव्हत्या. त्या येत, रडत, चहा घेत, आणि उठताना प्रत्येकीची नजर फडताळातल्या फोनकडे जाई. विचारायचं धाडस पहिल्यांदा सोनूबाईनं केलं.

"ताई, नर्सबाईचा फोन उघडतो का तुमाला?"

"उघडतो."

सोनूबाईचा कप बशीवर आला. "मी तर सगळं पुसलंय. नर्सबाईला दुखणं बोलून पाठवलं का लगेच पुसायचं. फोन मालकाचा, पोरं दिवसभर त्याच्यावर खेळतेत."

"तुमच्या फोनातून गेलं ते. आईच्या फोनात राहतं."

"म्हंजे आहे?"

"आहे."

सोनूबाईनं पदर तोंडाला लावला. अक्षतानं फोन काढून यादी समोर धरली. "पण नाव कुणाचंच नाही. हे बघा."

हापसा. निळं गेट. पडकी भिंत. शिलाई मशीन. फोन दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तरी बाई ओळखू येऊ नये म्हणून कांताबाईंनी प्रत्येकीला अशी खूण दिली होती. सोनूबाई एक एक अक्षर जुळवत खाली सरकली आणि डोळे पुसता पुसता फिसकन हसली.

"दोन म्हशी! ही मीच की. एक तर कवाच विकली, बदलायला पाहिजे व्हतं बाईनं!"

अक्षतालाही हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुमी ऐकलं का, ताई?"

"तुमचं नाही."

ते खरं होतं. तिनं एकच व्हॉइस मेसेज ऐकला होता, तोही आईनं पाठवलेला. आवाज ऐकावासा वाटला म्हणून. 'घाबरू नको गं. सासूला काही बोलू नको, सोमवारी जालन्याला तपासून घेऊ, मी येते सोबत.' पुढच्या वाक्यात आजाराचं नाव आलं आणि अक्षतानं फोन बंद केला. आईचा आवाज होता तो सगळा असाच, दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्यात मिसळलेला. वेगळा काढता येत नव्हता.

"ताई, सगळा बॅकअप माझ्याकडं पाठव," नागसेन दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला. "आपण नुसते कॉल करायचो. आईचा आवाज आणखी कुठंय आपल्याकडं?"

"त्यात बायांचं आहे, नागसेन."

"कोण ऐकायला बसलंय? लॅपटॉपमध्ये राहील पडून. अन् तू लायब्रेरियन ना? जपून ठेवणं तर तुझंच काम."

"लायब्ररीत लोकांनी दिलेलं असतं ते ठेवतो आम्ही."

"मंग हे?"

"हे आईला दिलंय. आपल्याला नाही."

"एक तरी ठेव, ताई," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुपारी अक्षता आईच्या खाटेवर बसली. तिला फार थकवा आला होता. पडक्या भिंतीनं सांगितलं होतं, निळ्या गेटानं सांगितलं होतं. पोटची लेक तेवढी सांगायची राहिली होती. दीड महिन्यापूर्वी जालन्याच्या दवाखान्यात पडून असताना आईचा फोन आला, तो तिनं घेतला नव्हता. आई आधी तारीख विचारेल, मग रक्तस्राव, मग गोळ्या, आणि या सगळ्यात आपण तिची पेशंट होऊन जाऊ, ही भीती. नवऱ्यालाही तिनं माहेरी कळवू दिलं नव्हतं.

तिनं आधी क्लाउडवरचा बॅकअप पुसला. मग फोन. 'सर्व काही कायमचं मिटवायचं?' असं त्यानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा होय म्हटलं. नागसेनचा 'एक तरी' सुद्धा त्यात गेला. पडदा काळा झाला, उजळला आणि फोन नव्यासारखा भाषा विचारू लागला.

शेजारची कांडप गिरणी सुरू होती. अक्षतानं फोन खाटेवर ठेवला.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "माझं पोर गेलं गं. तीन महिन्यांचं, पोटातच. तू विचारलंस अन् मी खोटं बोलले. मला नर्सबाई नको होती. तू पाहिजे होतीस."