तीन ठिकाणी तेच लिहिलंय

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर बसून भावना प्रथिनांना कामं वाटायची. म्हणजे कुठलं प्रथिन काय करतं ते शोधनिबंधांत वाचायचं आणि ठरलेल्या शब्दांच्या उतरंडीत त्याला जागा द्यायची. वर ढोबळ कामं, खाली बारीक. शेजारी आधार लिहायचा: प्रयोगाने सिद्ध, की सारख्या दिसणाऱ्या प्रथिनावरून नुसता अंदाज. काम परदेशी कंपनीचं, त्यामुळे घरी तिचा तोरा काही विचारू नका.

धाकटा भाऊ महेंद्र एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मातीतल्या जिवाणूचं एक प्रथिन घेऊन बसला होता. डेटाबेसमधल्या नोंदीप्रमाणे त्या प्रथिनाने साखर तोडायला हवी होती. ते ढिम्म.

"ताई, नोंदच राँग असेल. जरा चेक कर ना."

भावनाने घाईघाईत तीन डेटाबेस पाहिले. आधाराचा रकाना उघडायचा तिने कंटाळा केला.

"तीन ठिकाणी तेच लिहिलंय, मह्या. सगळं जग चुकलं आणि तू एकटा हुशार? तुझा हातच धड नाही."

बिचाऱ्याने पुन्हा पुन्हा प्रयोग केले. शेवटी प्रकल्प सोडला, एम.एस्सी.ही सोडली आणि अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला लागला. घरातला पहिला शास्त्रज्ञ व्हायचा होता तो.

काही वर्षांनी जुन्या नोंदी तपासायचं काम आलं, त्यात तेच प्रथिन निघालं. या वेळी भावना आधार शोधत मागे मागे गेली. तिसऱ्या डेटाबेसने दुसऱ्याचं उचललं होतं, दुसऱ्याने पहिल्याचं. पहिली नोंद तिचीच होती, नोकरीला लागल्या लागल्या केलेली, पार विसरलेली. तिने 'अंदाज' लिहिलं होतं. उचलणाऱ्यांनी तेवढंच गाळलं होतं. आणि अलीकडच्या एका शोधनिबंधात तो अंदाज प्रयोगाने खोटा ठरला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी महेंद्र शिफ्टवरून येऊन जेवायला बसला, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"हो रे. मीच चुकले."

"मी इतकी वर्षं स्वतःला ढ समजत होतो." त्याने घास ताटात परत ठेवला. "आता काय लिहिलंस तिथे?"

"काम माहीत नाही, असं. तसं लिहायची सोय असते."

"आधीपासून होती?"

"होती."

"मग तेव्हा मला पण तेवढंच बोलायचं ना, ताई. माहीत नाय म्हणून."