आप्पांच्या खुर्चीची बॅटरी

तिने लाल वायर लालला लावली, काळी काळ्याला, स्क्रू आवळले आणि आप्पांच्या विजेवरच्या चाकाच्या खुर्चीची बॅटरी येरझाऱ्याच्या हवाली केली.

येरझारे म्हणजे प्रयोगशाळेतलं नवं यंत्र. बॅटरीला वीज देतं आणि तिच्यातून काढलेली परत इमारतीच्या तारांत सोडतं. आधीचं यंत्र नुसतं घ्यायचं आणि वर तापायचं. त्याला सगळे जावईबापू म्हणत. दोन्ही नावं तिनेच ठेवलेली, हसती-खेळती होती तेव्हा.

"अगं, भावाचं बोलणं कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" शेजारच्या टेबलावरचे फोरमन म्हणाले.

"मला एकदाचं कळू दे, फोरमन. मग जे असेल ते असेल."

गेल्या महिन्यात तिचे वडील, आप्पा, बागेत तळ्याकाठी भर उन्हात खुर्चीत बसून राहिले. उन्हाचा झटका बसला, आणि दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत. माळ्याने दोनदा विचारलं होतं, घरी सोडू का म्हणून. आप्पांनी नाही म्हटलं. दुसऱ्याने ढकलत नेलेलं त्यांना कधी खपायचं नाही, असंच सगळे म्हणाले. खुर्चीची मोटार ठणठणीत निघाली. राहिली बॅटरी, आणि ती रात्री चार्जिंगला लावायचं काम तिचं. लावली होती की नाही? काही केल्या आठवेना. त्या दिवसानंतर ती कुणी चार्जिंगला लावलीही नव्हती. दादाने तर चार नातेवाइकांदेखत बोलून टाकलं, "हिच्या विसरभोळेपणाने आप्पा गेले." 

खुर्चीवरचा दिवा हिरवा होता, पण त्याचं काय खरं! मरायला टेकलेली बॅटरीही वरवर टवटवीत दिसते. वीज काढून पाहावी तेव्हाच कळतं.

येरझारे वीज ओढत राहिला. आता थांबेल, मग थांबेल म्हणून ती पडद्याकडे बघत होती. आकडा चढतच गेला. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी बॅटरी देतच होती.

फोरमन चष्मा सावरत जवळ आले.

"अगं वेडे, ही तर जवळजवळ भरलेलीच आहे! तू लावली होतीस चार्जिंगला. सुटलीस बघ!"

ती हसली नाही. स्टुलावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

खुर्ची चालत होती. आप्पांना घरी येता येत होतं.

त्या सकाळी दादा त्यांच्यावर ओरडला होता, "तुमच्यापायी या घराचं वाटोळं झालंय." आप्पांनी खुर्ची वळवली आणि ते बाहेर पडले. नंतर दादाने त्या वाक्याचा विषय एकदाही काढला नव्हता. तिला एकदम रडू फुटलं.

डोळे पुसते न पुसते तोच फोन वाजला. दादाच होता.

"काय निघालं गं?" त्याचा आवाज बसलेला होता. "खरं सांग."

फोरमन तिच्याकडे बघत होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली.

"रिकामी होती, दादा. मीच विसरले."

 पलीकडे दादाने मोठा श्वास सोडला.

"जाऊ दे, चिमे," तो मायेने म्हणाला. "माझ्या मनात आता काही नाही. माफ केलं तुला."

"बरं," ती म्हणाली.